बायआउट भरला की शब्द मोडायची मुभा मिळते का?

मेंफिसकर
३० नोव्हेंबर २०२५. ओल मिस विद्यापीठाचा अमेरिकन फुटबॉल संघ १२ पैकी ११ सामने जिंकून प्लेऑफच्या, म्हणजे राष्ट्रीय विजेतेपदाच्या बाद फेरीच्या, उंबरठ्यावर, आणि त्याच दिवशी प्रशिक्षक लेन किफिन एलएसयूला (लुइझियाना स्टेट युनिव्हर्सिटी) निघून गेले. एलएसयू त्याच कॉन्फरन्समधलं (आपसात खेळणाऱ्या विद्यापीठांचा गट), म्हणजे थेट प्रतिस्पर्धी. प्लेऑफ संपेपर्यंत संघ मीच सांभाळतो असं त्यांचं म्हणणं होतं, विद्यापीठाने नकार दिला. योग्यच केलं.

अठरा वर्षांचं पोर निव्वळ इमारती बघून विद्यापीठ निवडत नाही. घरी येऊन आईबापांसमोर बसलेल्या कोचच्या शब्दावर ते जातं. करार मोडल्याचे पैसे, म्हणजे बायआउट, भरतं बहुतेक वेळा नवं विद्यापीठ, मिळतात जुन्या विद्यापीठाला. त्या पोराच्या पदरात काय पडतं?

हिंजवडी_फेज_२
'करार मोडला' हेच मला मान्य नाही. सोडून जायचं तर इतके भरा, असं करारातच लिहिलेलं असतं. भरले, विषय संपला. आमच्या आयटीत नवी कंपनी नोटीस पिरियड बायआउट करते, त्याला कुणी गद्दारी म्हणत नाही.

आणि विद्यापीठं कुठे शब्द पाळतात? याच एलएसयूने २०२१ मध्ये प्रशिक्षक ब्रायन केलींशी १० वर्षांचा करार केला आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये त्यांना काढलं. करारानुसार देणं सुमारे ५ कोटी ४० लाख डॉलर. टेक्सास ए अँड एम विद्यापीठाने २०२३ मध्ये प्रशिक्षक जिम्बो फिशरना काढलं, तिथे आकडा साडेसात कोटींच्या वर. मालकाने काढलं तर व्यवहार आणि माणूस स्वतः गेला तर पाप?

मेंफिसकर
केलींचं नाव काढलंत ते बरं झालं. तेही नोत्र दाम विद्यापीठाचा संघ ११-१ (११ विजय, १ पराभव) असताना सोडून एलएसयूला आले होते. आणि काढलेल्या कोचला कोट्यवधी मिळतात हो, मी विचारतोय खेळाडूचं. तुमच्या नोटीस पिरियडमध्ये तुमच्या भरवशावर कुणी गाव सोडून आलेलं नसतं.

काळा_कोट
वकिलीच्या अंगाने थोडं. १९९४ च्या डिसेंबरात प्रशिक्षक जेरी डिनार्डो व्हँडरबिल्ट विद्यापीठ सोडून गेले, तेही एलएसयूलाच. मुदतीआधी गेल्यास उरलेल्या वर्षांच्या निव्वळ पगाराइतकी रक्कम भरायची, असं कलम होतं. ही बेकायदा दंडाची तरतूद आहे, असा त्यांचा बचाव. १९९९ मध्ये अपील न्यायालयाने तो फेटाळला. कोच गेल्याने होणारं नुकसान नवा माणूस शोधण्याच्या खर्चापुरतं नसतं, संघाचं स्थैर्य, तिकीटविक्री, माजी विद्यार्थ्यांशी संबंध, सगळ्याला धक्का बसतो, असं म्हटलं.

म्हणून हिंजवडी, 'भरले, विषय संपला' हे अर्धंच खरं. ते कलम टिकलं ते झालेल्या हानीची भरपाई म्हणून. निघून जाण्याच्या परवान्याची ती फी नव्हे. पण मेंफिसकर, भरपाई मागायचा हक्क करार करणाऱ्याचा, आणि खेळाडू त्या करारात पक्षकारच नाही.

दोन_मुलांची_आई
खेळाडूंना आता ट्रान्सफर पोर्टल आहे ना, दुसऱ्या विद्यापीठात बदली घ्यायला नाव नोंदवायची यादी! २०२१ पासून पहिल्या बदलीला वर्षभर बाहेर बसावं लागत नाही, २०२४ पासून कितीही वेळा जाता येतं. कोचने एकट्याने का थांबायचं?

तरी आई म्हणून सांगते, बदली घेणं दिसतं तितकं सोपं नाही. सगळी क्रेडिट्स नव्या ठिकाणी धरली जातातच असं नाही, पदवी लांबते.

हिंजवडी_फेज_२
मी मूळ मतावर ठाम आहे, पण दोष वेळापत्रकाचा. किफिन गेले ३० नोव्हेंबरला, शाळकरी खेळाडू कुठल्या विद्यापीठात जाणार त्यावर सह्या करतात तो दिवस ३ डिसेंबरला. त्याआधी कोच नसेल तर नव्या विद्यापीठाची पुढची भरती हातची जाते. सह्या फेब्रुवारीत ढकला, मग बघा किती जण संघ मध्येच सोडतात.

मेंफिसकर
तारखा बदला, मी सोबत आहे. पण मोठ्या विद्यापीठांना त्या रकमेचं काहीच वाटत नाही, म्हणून माझी मागणी राहणारच: बायआउटमधला ठरावीक वाटा त्या कोचने भरती केलेल्या मुलांच्या नावे ठेवा, पदवी लांबली तर त्यातून फी भरा. काळा_कोट, मुलाच्या करारातच हे कलम घातलं तर? मग तो पक्षकार होईल ना?

काळा_कोट
होईल. पण त्यावर सही करायला विद्यापीठ तयार हवं.