डिकॅफ बियांचा खटाटोप: बेळगावात घरी एस्प्रेसो करणाऱ्याला परवडतो का?

टिळकवाडी_मशीनवाला:
संध्याकाळी सातनंतर एस्प्रेसो घेतली की रात्री दोनपर्यंत पंखा मोजत पडतो. म्हणून डिकॅफच्या, म्हणजे कॅफिन काढलेल्या कॉफीच्या, अख्ख्या बिया शोधायला निघालो. बाजारातल्या एका जुन्या कॉफीवाल्याला विचारलं, "डिकॅफ आहे का?" तो म्हणाला, "आहे की!" आणि पाव किलो पूड बांधून दिली. घरी पुडी सोडली तर चिकोरीचा, म्हणजे कॉफीत मिसळतात त्या भाजलेल्या मुळीचा घमघमाट. गल्ल्यावरच्या गोंगाटात त्यानं ‘डिकॉक्शन’ (फिल्टर कॉफीचा घट्ट अर्क) ऐकलं होतं.
अर्धी चूक माझीच. पण मत पक्कं झालं: डिकॅफ प्यायची तर भाजणीची तारीख छापलेल्या बिया कुरियरनं मागवायच्या, महाग पडल्या तरी. कुणाला पटत नसेल तर बोला.

खानापूरचा_पाऊस:
बोलतो की. डिकॅफ म्हणजे बिनमिठाची आमटी. झोप लागत नाही तर संध्याकाळी पिऊच नका, विषय संपला. आणि चिकोरीला नावं कशाला ठेवूलालाय? तिच्यात मुळात कॅफिन नसतं. निम्मी चिकोरी, निम्मी कॉफी, वर म्हशीचं दूध. आमच्या घरी पितळी फिल्टरमध्ये हेच चालतं आणि सगळे घोरतात.

टिळकवाडी_मशीनवाला:
फिल्टरला चालेल हो. मी ती पूड पोर्टाफिल्टरमध्ये, म्हणजे मशीनच्या दांड्याच्या चाळणीत, घालून बघितली. सुरुवातीला थेंबच पडेना, मग काळा पाक गळाला. अर्धा तास टूथब्रश घेऊन जाळी घासत होतो. बायकोनं फोटो काढून ठेवलाय.

निपाणीची_ताई:
चवीचं राहू दे, कॅफिन काढतात कशानं ते कुणी बोलतच नाही. मिथिलीन क्लोराइड वापरतात ना? जुना रंग खरवडायच्या द्रावणात असतं ते. झोपेसाठी हे पोटात घालायचं?

चिकोडीचा_ऊसवाला:
ताई, हे सगळं हिरव्या बीवर होतं, भाजायच्या आधी. ते द्रावण 40 अंशांच्या आसपास उडून जातं आणि भाजणी 200 च्या वर जाते. अमेरिकेत भाजलेल्या डिकॅफमध्ये ते दहा लाख भागांत 10 भागांच्या वर चालत नाही. तरी मन घेत नसेल तर पाण्याची पद्धत आहे. बिया भिजवतात, ते पाणी कोळशातून गाळून कॅफिन अडवतात आणि चवीनं भरलेलं तेच पाणी पुढच्या बियांना वापरतात. तिसरी दाबाखालच्या कार्बन डायऑक्साइडची.
चौथी ऐकून मला हसू आलं. कोलंबियात उसापासून केलेल्या एथिल अ‍ॅसिटेट नावाच्या द्रावणानं कॅफिन काढतात. आमचा ऊस कारखान्याच्या दारात ट्रॉलीत वाळतोय आणि तिकडं त्यानं कॉफी धुऊलाल्यात!

निपाणीची_ताई:
ऊस म्हटल्यावर लगेच गोड नका होऊ. नेलपॉलिश काढायच्या बाटलीतही तेच एथिल अ‍ॅसिटेट असतं. पिकलेल्या फळात असतं हेही माहीत आहे मला. माझं म्हणणं एवढंच, पाकिटावर पद्धत लिहा. लिहिली नसेल तर मी हात लावणार नाही.

शहापूर_दळण:
ताईंचं हे मला शंभर टक्के पटतं. मशीनवाल्यांचं मात्र निम्मंच. कुरियरनं मागवा, पण किलोभर नको. डिकॅफ बी लवकर शिळी होते आणि आपल्या पावसाळ्यात तर डबा उघडायची खोटी. 250 ग्रॅम घ्यायचं, लहान पुड्या करून फ्रीजरमध्ये टाकायचं. बी दिसायलाही गडद असते, त्यामुळे रंगावरून भाजणी ओळखायला जाऊ नका, फसाल.
खरी गंमत दळणात. ग्राइंडरच्या नेहमीच्या बियांच्या सेटिंगवर 18 ग्रॅम दळून घातली आणि 14 सेकंदांत 36 ग्रॅम एस्प्रेसो धबधब्यासारखी खाली. चव म्हणजे भिजलेला पुठ्ठा. ग्राइंडर दोन खाचा बारीक केला, मग 27 सेकंद लागले आणि गूळ भाजल्यासारखी चव आली. क्रीमा, म्हणजे वरचा फेस, पातळच राहिला. तो धरून बसू नका.

खानापूरचा_पाऊस:
मग निम्म्या साध्या, निम्म्या डिकॅफ बिया मिसळा. एवढी कसरत कशाला?

शहापूर_दळण:
तेही केलंय. दोन्ही बिया एकसारख्या दळल्या जात नाहीत, रोज शॉट (एका वेळची एस्प्रेसो) वेगळा. दुधात खपून जातं, नुसतं प्यायला नको.

खानापूरचा_पाऊस:
आणि 97 टक्के कॅफिन काढलं तरी 3 टक्के उरतंच ना? म्हणजे पैसे पूर्ण, झोप अर्धी.

टिळकवाडी_मशीनवाला:
हिशेब करू या. अरेबिका जातीच्या बीत कॅफिन सव्वा टक्क्याच्या आसपास. 18 ग्रॅममध्ये झालं सव्वादोनशे मिलीग्रॅम. त्यातलं 3 टक्के म्हणजे सात मिलीग्रॅमसुद्धा नाही आणि तेही सगळं कपात उतरत नाही. एवढ्यानं माझी झोप उडाली तर दोष पंख्याच्या आवाजाला.
मला चुटपुट वेगळीच आहे. चिकमगळूर, कोडगू आपल्याच राज्यात आणि डिकॅफसाठी मी कुरियरवाल्याची वाट बघतोय. कॅफिन काढायचं काम मळ्यात होत नाही, त्याला मोठा कारखाना लागतो, हे कळतं. तरी लागतंच.

चिकोडीचा_ऊसवाला:
लागू दे. त्या दुकानदाराकडं परत जा आणि कन्नडमध्ये विचारा: "कॅफिन इल्लद कॉफी बीज ऐतेन्री?" निदान डिकॉक्शन तरी ऐकणार नाही.

खानापूरचा_पाऊस:
तो म्हणेल, "चहा घ्या."