पहिलाच ट्रेक, तोही जानेवारीत केदारकंठा – अठ्ठेचाळिसाव्या वर्षी जमेल का?

ऐरोलीकर_बाबा

नमस्कार मंडळी. वय ४८, राहणार ऐरोली. लेक एकोणीस वर्षांची आहे. तिने जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात उत्तराखंडातला केदारकंठा हा बर्फातला ट्रेक करायचं ठरवलंय आणि परवा जेवताना म्हणाली, "मैत्रिणींबरोबर नंतरही जाईन, या वेळी बाबा तुम्ही चला." यावर नाही म्हणणं मला शक्य नाही.

पण मी आयुष्यात बर्फ पाहिलेला नाही. डोंगर म्हणाल तर कॉलेजात असताना एकदा नेरळहून माथेरान चालत गेलो होतो, तेवढंच. ऑफिसचे चार मजले उतरले की उजवा गुडघा दुखतो. बीपीची एक गोळी रोज सकाळी घेतो, बीपी आटोक्यात आहे. हातात अकरा आठवडे आहेत.

तयारी काय करू? कपडे विकत घेऊ की भाड्याने? आणि मी मागे पडलो तर तिचा ट्रेक बिघडेल का? खरा प्रश्न तिसरा आहे.

घाटवाट_खारघर

दादा, कपड्यांपुरतं सांगतो. जाड जॅकेट, पोल (चालायच्या काठ्या), गेटर्स (बर्फ बुटात जाऊ नये म्हणून पोटरीवर बांधायची आवरणं), मायक्रोस्पाइक्स (बुटांखाली लावायचे लोखंडी दात) हे सगळं सांक्रीत, म्हणजे ट्रेक सुरू होतो त्या गावात, भाड्याने मिळतं, विकत घेऊ नका. पैसे बुटांवर घाला. घोटा झाकणारे, पाणी आत न येणारे बूट आत्ताच घ्या आणि रोज घालून फिरा. नवे बूट थेट बर्फात नेलेत तर टाचा सोलून निघतील.

अंगाला लागून सुती बनियन अजिबात नको. चढताना घाम येतो, सुती कापड तो धरून ठेवतं आणि थांबलात की तेच कापड अंगावर गार पडतं. आत थर्मल, मध्ये फ्लीस, वर वारा अडवणारं जॅकेट. आपली माकडटोपी चालते, उत्तम चालते. आणि यूव्ही अडवणारा गॉगल हवाच, बर्फावरून उलटणाऱ्या उन्हाने डोळे भाजतात.

वर्तकनगर_ठाणे

ऐरोलीकर दादा, तुमचा तिसरा प्रश्न वाचला आणि कामं बाजूला ठेवून लिहायला बसले. मी ४९ वर्षांची असताना पहिल्यांदा गेले, जानेवारी २०२३ मध्ये. त्या वेळी माझ्याही मनात हाच प्रश्न होता आणि त्याच्यामुळेच माझं बिघडलं.

आधी तयारी. मी पहाटे उपवनवरून येऊरचा चढाचा रस्ता धरायचे, आठवड्यातून चार दिवस. पहिले तीन आठवडे मोकळ्या हाताने, मग पाठीवर पाच किलो तांदूळ घेऊन. पावसात घरी बसायचे नाही, आमच्या सात मजली इमारतीचे जिने चढउतार करायचे. तुम्हाला बेलापूरचा पारसिक हिल किंवा खारघरची टेकडी जवळ पडेल. तुमचा गुडघा उतरताना दुखतोय, म्हणून मुद्दाम सांगते: चढून झालं की लिफ्टने खाली येऊ नका. केदारकंठ्यावरून शेवटच्या दिवसांत उतार फार आहे आणि तिथे मांड्या कमी पडल्या की सगळा भार गुडघ्यावर येतो. मात्र दुखणं वाढत गेलं तर हाडांच्या डॉक्टरांना आत्ताच दाखवा, डिसेंबरपर्यंत थांबू नका. निघण्याआधी एकदा कळसूबाई करा, एका दिवसात वर-खाली.

पण एक लक्षात घ्या. कळसूबाई ५,४०० फूट. ज्या सांक्रीतून आपण चालायला लागतो ते गावच साधारण ६,४०० फुटांवर आहे. म्हणजे महाराष्ट्राच्या सर्वात उंच टोकापेक्षा हजार फूट वरून सुरुवात. पहिली रात्र जुडा का तालाब या तळ्याकाठच्या कॅम्पला, साधारण ९,१०० फूट. दुसरी बेस कॅम्पला, ११,२५० च्या आसपास. आणि तिसऱ्या पहाटे माथा, १२,५०० फूट. डेहराडूनहून सांक्रीला यायला गाडीत आठ-दहा तास जातात, त्यामुळे आपण खूप दूर, खूप वर आलो असं वाटतं. शरीराला मात्र दोनच रात्री मिळालेल्या असतात.

मी पायांची तयारी केली होती. पाय शेवटपर्यंत नीट चालले. दुसऱ्या दिवशी दुपारी बेस कॅम्पला पोचले तेव्हा कानशिलं ठणकायला लागली. चौदा जणांत मीच वयाने मोठी. बाकीची सगळी पंचविशी-तिशीतली, दिवसभर 'काकू, बॅग देऊ का' म्हणत होती. त्यांचा माझ्यावर जीव होता आणि मला त्यांच्या वाटेत यायचं नव्हतं. रात्री ताटात गरम राजमा-भात आला, दोन घास खाऊन ताट ठेवलं. लीडरने विचारलं, "सब ठीक?" मी म्हटलं, "एकदम." ऑक्सिजन मोजायचं यंत्र बोटाला लावलं तेव्हा आकडा कमी आला, तर मी म्हटलं हात गार पडलेत म्हणून. हात गार होते हे खरंच होतं. पण मी खोटं बोलत होते.

पहाटे तीनला निघालो. हेडलॅम्पच्या उजेडात फक्त पुढच्याचे बूट दिसतात, बाकी काळोख. बर्फ इतका घट्ट झालेला की मायक्रोस्पाइक्सचे दात रुतताना करकर आवाज येतो. दुसऱ्या चढावर मला उलटी झाली. मागे चालणारा गाईड सौड गावचा होता, माझ्या मुलाच्या वयाचा. त्याने पाठीवर हात ठेवला आणि एकच विचारलं, "दीदी, रात को खाना खाया था?"

मी रडले. त्याने माझी बॅग घेतली आणि पुढच्याला आवाज देऊन मला घेऊन उतरला. बाकी सगळे वर गेले, कोणाचंही काही बिघडलं नाही, कारण लीडर आणि अजून एक गाईड होतेच. अशा ट्रेकला एकाहून जास्त गाईड असतात ते यासाठीच. जुडाला पोचेपर्यंत डोकं निम्मं उतरलं होतं. दुपारी मी दोन वाट्या डाळ-भात खाल्ला.

मी आदल्या दुपारीच सांगितलं असतं तर त्यांनी मला उजेडात खाली आणलं असतं. न सांगितल्यामुळे त्या पोराला काळोखात, निसरड्या उतारावर मला धरून आणावं लागलं. हे आजही मनात सलतं.

पुढच्या वर्षी मार्चमध्ये पुन्हा गेले. या वेळी सांक्रीत एक आणि जुडाला एक अशा दोन रात्री जास्त मागून घेतल्या, त्याचे वेगळे पैसे भरले. माथ्यावर पोचले. दगडांवर त्रिशूळ आहे, समोर स्वर्गारोहिणी आणि काळानाग ही शिखरं. नारळवडी नेली होती ती तिथे ठेवली.

दादा, लेकीशी निघण्याआधीच बोलून ठेवा: दोघांपैकी कोणाचंही डोकं दुखलं तर दहा मिनिटांच्या आत गाईडला सांगायचं. आणि तुम्ही उतरलात तरी तिने वर जायचं की नाही, हेही ठाण्यात… चुकले, ऐरोलीत ठरवा. तिथे डोंगरावर ठरवू नका.

मेडिसिन_कळवा

वर्तकनगर ताईंचं सगळं पटलं. डॉक्टर म्हणून थोडं जोडतो. ३,००० मीटरच्या वर झोपण्याची उंची दर रात्री साधारण ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये असा सल्ला असतो. जुडा ते बेस कॅम्प हा टप्पा त्याहून मोठा आहे, म्हणून जास्तीची रात्र खरंच उपयोगी पडते. व्यायामाने फिट असलेल्यालाही विरळ हवेचा त्रास होतो, तरुण मुलीलाही होऊ शकतो. डोकेदुखी, मळमळ, भूक मरणं या खुणा. असं असताना आणखी वर जायचं नाही. तोल जायला लागला, बोलणं बरळल्यासारखं झालं किंवा बसल्या जागी धाप लागली तर रात्र असली तरी लगेच खाली यायचं.

बीपीची गोळी स्वतःहून बंद करू नका. डायमॉक्स (उंचीचा त्रास टाळायची गोळी) मित्राच्या सांगण्यावरून घेऊ नका. सल्फाची ॲलर्जी असेल तर आधी सांगा, आणि तुमच्या बीपीच्या गोळीत लघवी वाढवणारं औषध आहे का ते तुमच्या डॉक्टरांना विचारा. झोपेच्या गोळ्या आणि दारू दोन्ही वर्ज्य.

ऐरोलीकर_बाबा

ताई, तुमचं लिहिलेलं लेकीला मोठ्याने वाचून दाखवलं. ती गप्प झाली आणि मग म्हणाली, "तुम्ही पण बेस कॅम्पला 'एकदम' असंच म्हणाला असतात." खरं आहे. मी घरीही तेच म्हणतो.

आम्ही ठरवलं: मी उतरलो तर तिने वर जायचं. तिची तब्येत बिघडली तर दोघांनी उतरायचं. जास्तीच्या रात्रीसाठी आज फोन करतो. शनिवारी डॉक्टरांची वेळ घेतलीय, गुडघा आणि गोळी दोन्हींसाठी.

तिचा एक प्रश्न आहे, तो तिनेच टाइप केलाय: काकू, त्याच तारखांना पाळी आली तर तिथे कसं जमतं? पाणी तर गोठलेलं असणार.

वर्तकनगर_ठाणे

बाळा, जमतं. मला पहिल्या ट्रेकला दुसऱ्या दिवशीच आली होती. कॅम्पवर खड्डा खणून वर छोटा तंबू लावलेला असतो, पाणी नसतं, ओले टिश्यू लागतात. ते पाकीट रात्री स्लीपिंग बॅगमध्ये घेऊन झोप, नाहीतर सकाळी दगड झालेलं असतं. वापरलेलं काहीही बर्फात पुरायचं नाही, उन्हाळ्यात ते सगळं वर येतं. काळ्या पिशवीत, ती झिपवाल्या पिशवीत, आणि परत खाली आणायचं. कागदात चहाची कोरडी पूड टाकून गुंडाळलं की वास येत नाही.

पोटात दुखलं तर रात्री स्वयंपाकाच्या तंबूत गरम पाणी माग, घट्ट झाकणाची स्टीलची बाटली भर, मोज्यात घाल आणि पोटाशी धरून झोप. पहाटे तेच पाणी प्यायलाही होतं. चालताना बाटली बॅगेत उलटी ठेव, बर्फ आधी वरच्या बाजूला धरतो, त्यामुळे तोंड मोकळं राहतं.

मोबाइलही रात्री स्लीपिंग बॅगमध्येच घे, थंडीत बॅटरी भराभर उतरते. आणि बाबांच्या ताटाकडे लक्ष ठेव.