लहान स्टुडिओच्या मालकाने परिषदेला जावे का? खर्च, प्रवास आणि बुडणारे दिवस

दादरचा_स्टुडिओवाला

नमस्कार मंडळी,

दादर पूर्वेला वडिलांनी सुरू केलेला दोनशे चौरस फुटांचा स्टुडिओ मी गेली अकरा वर्षे चालवतो. पासपोर्टच्या फोटोंवर गाळ्याचे भाडे आणि विजेचे बिल सुटते. खरी कमाई लग्ने, मुंजी, डोहाळजेवणे आणि अधूनमधून येणाऱ्या दागिन्यांच्या छायाचित्रणातून होते. वर्षाला साधारण 14 लग्ने होतात, एका लग्नाचे सरासरी बिल 90,000 रुपयांचे असते आणि सगळे मिळून वर्षाची बिले 17 लाखांच्या घरात जातात. हाताखाली एक पगारी मुलगा आहे. दुसरा छायाचित्रकार आणि व्हिडिओवाला मी त्या त्या ऑर्डरपुरता रोजावर घेतो.

माझ्यासमोर सध्या दोन पर्याय आहेत. ऑगस्टमध्ये दिल्लीत लग्नाच्या छायाचित्रकारांची तीन दिवसांची परिषद आहे; नोंदणी, प्रवास आणि राहणे धरून 35,000 रुपये लागतील असा माझा अंदाज आहे. दुसरीकडे ठाण्याचा एक व्यवसायबंधू अमेरिकेत लास व्हेगासला भरणाऱ्या, लग्नाच्या आणि व्यक्तिचित्रांच्या छायाचित्रकारांच्या डब्ल्यूपीपीआय परिषदेला चल म्हणून मागे लागला आहे. तिचा आठ दिवसांचा खर्च मी पावणेतीन लाख धरला आहे आणि ती ऐन फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास असते. घरचे विचारतात की इंटरनेटवर सगळे शिकता येत असताना प्रवासावर पैसे का घालवायचे, आणि खरे सांगायचे तर मला त्याचे समाधानकारक उत्तर देता आलेले नाही. दरवर्षी तेच काम, तेच दर आणि तीच घासाघीस यातून बाहेर पडावे एवढीच इच्छा आहे. आपल्यापैकी जे अशा परिषदांना जाऊन आले आहेत, त्यांनी कृपया अनुभव सांगावा.

हिशेबनीस

मी छायाचित्रकार नाही. लहान व्यावसायिकांचे हिशेब लिहितो आणि त्यांत तीन-चार स्टुडिओ आहेत. तुम्ही तिकीट आणि हॉटेल धरले आहे, पण बुडणारे दिवस धरलेले नाहीत, आणि लहान धंद्यात सर्वांत महाग वस्तू तीच असते. फेब्रुवारी-मार्चमध्ये आठ दिवस मुंबईबाहेर राहिलात तर मुहूर्त पाहता दोन लग्ने सहज हातची जातील. रोजाची माणसे, अल्बम आणि गाडीभाडे वजा जाता एका लग्नात 40,000 रुपये उरतात असे मानले, तर 80,000 रुपये तिथेच गेले. म्हणजे व्हेगासची सहल पावणेतीन लाखांची नसून 3,55,000 रुपयांची आहे आणि ती भरून काढायला जवळजवळ नऊ लग्नांचा नफा लागेल. दिल्लीची परिषद चातुर्मासात आहे, लग्ने नाहीत आणि पासपोर्टचे फोटो तुमचा पगारी मुलगा काढू शकतो, त्यामुळे तिथे 35,000 म्हणजे 35,000च.

आता उलट बाजूने पाहा. परिषदेतून काही शिकून तुम्ही प्रत्येक लग्नाचा दर फक्त 5,000 रुपयांनी वाढवू शकलात, तर वर्षाला 70,000 रुपये जास्तीचे येतील. दिल्लीचा खर्च सहा महिन्यांत वसूल होईल, व्हेगासचा पाच वर्षांत.

कराविषयी थोडेसे. तुम्ही अनुमानित पद्धतीने, म्हणजे उलाढालीच्या 8 किंवा 6 टक्के नफा दाखवून विवरणपत्र भरत असाल, तर परिषदेचा खर्च त्यातून वेगळा वजा करता येत नाही. पूर्ण हिशेबवह्या ठेवत असाल तरच तो खर्चात टाकता येतो. सेवा देणाऱ्याला वर्षाच्या 20 लाखांच्या उलाढालीपर्यंत जीएसटी नोंदणी लागत नाही. मात्र बिल तुमच्या नावाने असेल तर अल्बमचे आणि रोजाच्या माणसांचे पैसेही त्याच 20 लाखांत मोजले जातात, हे बरेच जण विसरतात. पुढे नोंदणी झाली तरी दिल्लीच्या हॉटेलने लावलेल्या तिथल्या राज्याच्या कराची वजावट महाराष्ट्राच्या नोंदणीवर मिळणार नाही, तेव्हा ती आशा हिशेबात धरू नये.

पार्लेकरीण

मी नवजात बाळांचे आणि कुटुंबांचे छायाचित्रण करते. देशातल्या दोन परिषदांना आणि एकदा व्हेगासला जाऊन आले आहे. हिशेबनीसांचे गणित बरोबर आहे, तरी त्यात न मावणाऱ्या काही गोष्टी सांगते.

व्यासपीठावरची व्याख्याने मला फारशी उपयोगी पडली नाहीत. तिथले वक्ते उंच छताच्या, खिडक्यांतून मऊ उजेड येणाऱ्या जागांविषयी बोलतात. आपल्याकडे दहा फुटी छत, पिवळे दिवे आणि स्टेजवर जांभळा एलईडी असलेल्या सभागृहात अंतरपाट दूर होण्याचा क्षण टिपायचा असतो. उपयोग झाला तो चहाच्या रांगेत. देशातल्या माझ्या पहिल्या परिषदेत एका परगावच्या छायाचित्रकाराने मला त्याचा करारनामा दाखवला. त्यात छायाचित्रे किती दिवसांत मिळतील, मूळ डेटा किती महिने सांभाळला जाईल आणि कार्यक्रम रद्द झाल्यास बयाणा परत मिळणार नाही, हे सरळ मराठीत लिहिलेले होते. तोवर मी सगळे तोंडी चालवत असे. तो माझा स्पर्धक नव्हता, म्हणूनच त्याने दाखवला. मुंबईतल्या मुंबईत आपण एकमेकांना दरसुद्धा खरे सांगत नाही, तिथे करारनामा कोण दाखवणार! घरच्यांच्या प्रश्नाला माझे उत्तर हेच आहे, कारण शहराबाहेरचा माणूस जे मोकळेपणाने सांगतो ते इंटरनेटवर कोणी लिहीत नाही.

प्रवासाविषयी: विमानाने गेलात तर सुट्या लिथियम बॅटऱ्या आणि पॉवर बँक हातातल्या बॅगेतच ठेवाव्या लागतात, सामानात टाकता येत नाहीत. 100 वॉट-तासांपर्यंतच्या बॅटरीला अडचण येत नाही. 100 ते 160 पर्यंतच्या बॅटरीला कंपनीची परवानगी लागते. कॅमेऱ्याची बॅटरी या मर्यादेच्या खूपच खाली असते, पण व्हिडिओच्या मोठ्या दिव्यांच्या बॅटऱ्यांवरचा आकडा वाचून घ्या. हातातल्या बॅगेला बहुतेक ठिकाणी सात किलोंची मर्यादा असते. पहिल्या वेळी मी दोन बॉडी आणि चार लेन्स नेल्या आणि तीन दिवसांत एकही नीट वापरली नाही. एक बॉडी, एक लेन्स आणि भरपूर व्हिजिटिंग कार्डे पुरेत.

परदेशी कधी गेलातच, तर निघताना विमानतळावर कस्टम्सकडून उपकरणांचे निर्यात प्रमाणपत्र करून घ्या. त्यावर प्रत्येक वस्तूचा अनुक्रमांक लिहिलेला असतो, म्हणजे परतताना तोच कॅमेरा तुम्ही बाहेरून विकत आणला असे कोणी म्हणू शकत नाही. त्यासाठी तासभर आधी पोहोचावे लागते, कारण ते वस्तू प्रत्यक्ष पाहतात. अमेरिकेच्या बी-1, म्हणजे व्यवसायानिमित्तच्या भेटीच्या व्हिसावर परिषदेला बसता येते, मात्र तिथे पैसे घेऊन एखाद्याचे लग्न टिपता येत नाही. वांद्रे-कुर्ला संकुलातल्या अमेरिकी वकिलातीत मुलाखतीची तारीख लवकर मिळेलच असेही नाही आणि व्हिसा नाकारला तरी भरलेले शुल्क परत येत नाही.

बोराबाजार_जुना

मी फिल्मच्या काळापासून या धंद्यात आहे. परिषदेला जाऊ नये असे मी म्हणत नाही. छायाचित्रकारांनी एकत्र जमणे मुंबईला नवीन नाही, इथे 1854 सालीच फोटोग्राफिक सोसायटी निघाली होती. सावे दादा म्हणून ओळखले जाणारे भाटवडेकर तर आपल्यासारखेच स्टुडिओवाले. त्यांनी परदेशातून चित्रपटाचा कॅमेरा मागवला आणि 1899 साली हँगिंग गार्डनमधली कुस्ती टिपली. धंद्यात नवे पाहण्यासाठी पैसा घालावाच लागतो. पण नुसती उपकरणे पाहायला कोणी आता जात नाही. जर्मनीतल्या कोलोनची फोटोकिना 1950 साली सुरू झाली, जगातला सर्वांत मोठा मेळा म्हणून गाजली आणि 2018 नंतर पुन्हा भरली नाही.

माझी शंका वेगळी आहे. तुमच्या प्रश्नात दर आणि घासाघीस आहे, वसुलीचा उल्लेख नाही. लग्न होऊन सहा-सहा महिने घरची मंडळी अल्बमचे फोटो निवडत नाहीत आणि शेवटचा हप्ता त्यातच अडकतो, हे आपल्या धंद्याचे जुने दुखणे आहे. किती रुपये असे अडकले आहेत, ते आधी वहीत लिहून काढा. बयाणा, लग्नाच्या दिवशी मोठा हप्ता आणि अल्बम छापायला देण्याआधी उरलेली सगळी रक्कम, हा नियम पाळायला दिल्लीला जावे लागत नाही. हा नियम लागू करून एक हंगाम काढा, मग वसूल झालेल्या पैशांतून जा. शिवाय नरिमन पॉइंटला एनसीपीए या कलाकेंद्रात केवळ छायाचित्रांसाठीचे पिरामल दालन आहे. लोकलचे तिकीट काढून तिथे शेवटचे कधी गेला होता?

दादरचा_स्टुडिओवाला

सर्वांचे मनःपूर्वक आभार. काका, तुमच्या सांगण्यावरून काल रात्री वही काढली. पाच घरांकडे मिळून 1,12,000 रुपये अडकलेले निघाले आणि त्यांतील एका जोडप्याला आता मूलही झाले आहे. एनसीपीएच्या प्रश्नाचे उत्तर देण्यासारखे नाही.

व्हेगास मी सोडून दिले आहे. दिल्लीचे मात्र जवळपास ठरवले आहे. ताई, तुमच्या करारनाम्याचा मसुदा पाहायला मिळेल का? तुम्ही पार्ल्याच्या आणि मी दादरचा, त्यामुळे बाळांच्या कामात तुमच्याशी स्पर्धा करणार नाही असा शब्द देतो.

लालबागकर

उशिरा लिहितो आहे, पण एक गोष्ट कोणीच विचारलेली दिसत नाही. लग्ने नाहीत म्हणून ऑगस्ट रिकामा असे हिशेबनीस धरून चालले आहेत. गणपती ज्या वर्षी सप्टेंबरमध्ये असतात, त्या वर्षी मंडळांचे आगमन सोहळे ऑगस्टच्या रविवारीच सुरू होतात. परळ-लालबागच्या मंडळांचे काम तुम्ही घेता का? घेत असाल, तर परिषदेतला रविवार आगमनाचा आहे का, हे आधी पाहा. मंडळाला एकदा नाही म्हटले की पुढल्या वर्षी ते दुसऱ्याला बोलावतात.

दादरचा_स्टुडिओवाला

लालबागकर, बरे झाले लिहिलेत. परिषद शुक्रवार ते रविवार आहे आणि एका मंडळाचे आगमन नेमके त्याच रविवारी दुपारी आहे. तिसऱ्या दिवशी पारितोषिके आणि कंपन्यांच्या सोडती असल्याचे कार्यक्रमपत्रिकेत दिसते, त्यामुळे शनिवारी दुपारनंतरच्या राजधानीने निघून रविवारी सकाळी मुंबई सेंट्रलला उतरायचे ठरवले आहे. एका रात्रीचे हॉटेलही वाचेल. हाताखालच्या मुलाला सांगून ठेवले आहे की बॅटऱ्या चार्ज करून कॅमेऱ्याची दुसरी बॅग घेऊन त्याने थेट परळला यावे.