मदत हवी आहे: साबणाचे मोठे फुगे टिकत नाहीत, आणि फोटोत रंगच येत नाहीत

कांपालकर
शनिवारी संध्याकाळी पणजीच्या मिरामार किनाऱ्यावर मुलांचे फोटो काढायचे आहेत, मोठ्या फुग्यांसोबत. दोन काठ्यांना दोरी बांधून फुगे काढतोय. हातभर लांबला की फुटतो. जे टिकले त्यांचे फोटो नुसते राखाडी गोल. डोळ्यांना रंग दिसतात, फोटोत नाहीत. शटर 1/1000, फोकस बरोबर. ग्लिसरीन घातलेलं आहे, तेव्हा तो सल्ला नको. लवकर सांगा, हातात तीनच दिवस आहेत.

पुरुमेंत
ग्लिसरीन किती घातलंत ते महत्त्वाचं. चमचाभराने काही होत नाही. लिटरला 100 मिली घाला.

म्हापशेकर
पाणी किती, साबण कुठला आणि किती? दोरी कसली? किती वाजता काढता आणि कॅमेऱ्याचं तोंड कुठल्या दिशेला? यातलं काहीच लिहिलेलं नाही.

सत्तरीकर
एवढा खटाटोप कशाला? मोगली एरंडाचं पान देठासकट तोडा, देठाच्या टोकाशी चिकाचा पडदा धरतो, त्यावर हळूच फुंका. साबण नाही, ग्लिसरीन नाही, फुगे सुंदर येतात.

कांपालकर
@सत्तरीकर, मला दोन फुटांचे फुगे हवेत.
@म्हापशेकर, चार वाट्या पाणी, एक वाटी भांडी घासायचं लिक्विड, दोन चमचे ग्लिसरीन. मिक्सरमध्ये फिरवून घेतो. पाणी नळाचं. दोरी नायलॉनची. दुपारी चार वाजता, समुद्राकडे तोंड करून.

म्हापशेकर
मग न फुटायला काय झालं. एकेक घ्या.

दोरी आधी बदला. नायलॉन पाणी पीत नाही, त्यामुळे फुगा लांबताना पडद्याला नवा द्राव मिळत नाही. जाड, सैल विणीची सुती दोरी हवी. दिव्याच्या वातीसारखी फुगणारी. वरची दोरी 45 सेंटीमीटर, खालची 90, आणि खालच्या दोरीच्या मधोमध एक लोखंडी वॉशर, म्हणजे त्रिकोण उघडा राहतो. पहिल्या वेळी दोरी द्रावात पाचेक मिनिटं भिजू द्या.

साबण तुम्ही फार घातलाय. लिटरला 50 मिली पुरे. जास्त साबणाने पडदा मजबूत होत नाही.

आता मुख्य गोष्ट, ग्वार गम, म्हणजे गवारीच्या बियांची पूड. बेकरीचं सामान विकणाऱ्या दुकानात मिळतो. लिटरभर पाण्याला 2 ग्रॅम. पाण्यात थेट टाकलात तर साबुदाण्यासारख्या गुठळ्या होतात आणि त्या कधीच विरघळत नाहीत. तो आधी 10 मिली ग्लिसरीनमध्ये कालवा, पातळ पेस्ट झाली की कोमट पाण्यात धार धरून सोडा आणि ढवळत राहा. अर्धा तास ठेवा. मग 2 ग्रॅम बेकिंग पावडर, आणि साबण सगळ्यात शेवटी, चमच्याने, फेस न करता. बोटं बुडवून उचललीत तर द्राव किंचित तार धरून खाली यायला हवा. तार लोंबत राहिली तर गम जास्त झाला, थोडं पाणी घाला.

मिक्सर अजिबात नको. फेसाचा एक बुडबुडा पडद्यात आला की तिथूनच फुगा फाटतो. वर फेस आला तर गाळणीने काढून टाका. द्राव आदल्या रात्री करून फ्रिजमध्ये ठेवा. गम हा खाण्याचा पदार्थ आहे, आपल्या उकाड्यात दोन दिवसांत नासतो. किनाऱ्याजवळच्या विहिरीचं मचूळ पाणी वापरू नका.

पुरुमेंत
गम वगैरे घातला की सगळं चिकट होतं, दोरी धुताना जीव जातो. ग्लिसरीन वाढवलं तरी तेच काम होतं.

म्हापशेकर
तेच काम होत नाही. ग्लिसरीन हवेतली ओल धरून ठेवतं, म्हणजे पडद्यातलं पाणी सावकाश उडतं. पण मिरामारच्या दमट हवेत पाणी उडणं ही मुळात मोठी अडचणच नाही. यांचा फुगा हातभर लांबल्यावर फुटतो, म्हणजे तो ताण सोसत नाही. ते काम गमच्या लांब रेणूंचं. पंढरपूर-सोलापूरकडच्या कोरड्या हवेत तुमचं म्हणणं मी मान्य केलं असतं. 100 मिली ग्लिसरीनने फुगा जड होऊन वाळूवर उतरतो, एवढंच.

भिंग
फुग्याचं झालं, आता फोटोचं. लेन्सवर फिल्टर आहे का?

कांपालकर
हो, पोलरायझर, म्हणजे परावर्तनाची चमक कापणारा फिल्टर. समुद्राची चमक मारायला. तो कायमच असतो. त्याचा काय संबंध?

भिंग
तोच तुमचे रंग खातोय. फुग्याला स्वतःचा रंग नसतो. पडद्याच्या पुढच्या आणि मागच्या पृष्ठावरून परतणारे किरण एकमेकांत मिसळतात, त्यातून रंग होतो. म्हणजे तुम्ही टिपता ते परावर्तनच, आणि पोलरायझरचं काम परावर्तन कापणं. साबणाच्या पाण्यावर उजेड 53 अंशांच्या आसपास पडतो तिथे तो ते जवळजवळ पूर्ण कापतो. फुग्यासमोर फिल्टर फिरवून बघा, समोरासमोरचे दोन पट्टे फिके पडतात आणि फिल्टरबरोबर फिरतात. शिवाय दीड-दोन स्टॉप (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा) उजेड जातो तो वेगळाच. काढून ठेवा.

दुसरी चूक दिशेची. दुपारी चारला समुद्राकडे तोंड, म्हणजे मागे पांढरं झगझगीत आकाश. फिकं परावर्तन उजळ पार्श्वभूमीवर दिसणार कसं? मागे काळोख हवा आणि फुग्यासमोर मोठा, मऊ उजेड हवा. मिरामारला ही मांडणी सकाळी आयती मिळते: सूर्य झाडांच्या मागे, झाडांची आपल्याकडची बाजू सावलीत, आणि तुमच्या पाठीशी समुद्रावरचं सगळं मोकळं आकाश. सातच्या सुमारास वाराही जमिनीकडून, मंद. दुपारी समुद्राचा वारा सुटला की मोठा फुगा धरवत नाही.

कांपालकर
मुलं सकाळी येणार नाहीत.

भिंग
मग सूर्य बुडाल्यावरची पंधरा मिनिटं. तोंड झाडांकडे, पाठ समुद्राकडे. वारा तेव्हा पडलेला असतो. शटर 1/500, लेन्सचं छिद्र एफ 5.6, आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता) 1600 पर्यंत जाऊ द्या. गडद कपडे घाला, कारण फुग्यात तुम्ही दोनदा दिसता: पुढच्या फुगीर बाजूवर सुलटे, मागच्या खोलगट बाजूवर उलटे.

आणि फुगा सुटल्या सुटल्या बटण दाबू नका. ताजा पडदा जाड असतो, रंग फिके गुलाबी-हिरवे. तीन-चार सेकंदांत पाणी खाली उतरतं, वरून पट्टे सरकू लागतात, निळा-जांभळा-सोनेरी गडद होतो. तिथून बर्स्ट, म्हणजे सलग फोटो. माथ्यावर काळा ठिपका दिसला की पडदा इतका पातळ झालाय की दोन्ही पृष्ठांवरून परतणारे किरण एकमेकांना मारतात, परतणारा उजेडच उरत नाही, आता फुटणार.

साळावली
फुटतानाचा क्षण टिपायला 1/4000 पुरेल ना?

भिंग
पुरत नाही. एक मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग) जाड पडदा फाटतो तेव्हा त्याची कड सेकंदाला साधारण 7 मीटरने मागे पळते. 1/4000 मध्ये पावणेदोन मिलिमीटर, कड धूसर येणार. अंधाऱ्या खोलीत फ्लॅश 1/32 पॉवरवर लावा. त्याची चमक साधारण 1/10000 सेकंदाची असते, तीच गोठवते. पण यांचा प्रश्न तो नाही.

सत्तरीकर
लहान मुलांसाठी पपईच्या पानाचा पोकळ देठ आणि रिठ्याचं पाणी. रिठे रात्रभर भिजवून कुस्करायचे. फुगे छोटे येतात, पण पुष्कळ.

म्हापशेकर
रिठा छान, डोळ्यात जाऊ देऊ नका मात्र. आणि वर सांगितलेला मोगली एरंड मुलांच्या हाती नको. बिया विषारी असतात, चिकाचे डाग कपड्यावरून जात नाहीत.

कांपालकर
काल सुती दोरी आणि गम, दोन्ही करून बघितलं. फुगा माझ्याएवढा लांब आला, तुटला नाही. पोलरायझर काढला, रंग आले. पण दोरीपासून सुटतच नाही, शेवटी दोरीवरच फुटतो.

म्हापशेकर
काठ्या जवळ आणून दोरी मिटवा, ओढू नका. मिटताना एक पाऊल मागे, हात किंचित वर. वाऱ्याकडे पाठ असू द्या.

भिंग
आणि पाठीमागून येणारा वारा साबणाचे शिंतोडे मुलांकडे आणि लेन्सकडे नेतो. कॅमेरा बाजूला, पाच पावलं लांब. काचेवर शिंतोडा पडलाच तर कोरड्या रुमालाने घासू नका; साबण पसरतो आणि वाळूचा कण ओरखडा काढतो. आधी फुंकणीने वाळू उडवा, मग ओलसर मायक्रोफायबर.

कांपालकर
देव बरें करूं. शनिवारी फोटो टाकतो.