रविवारची संध्याकाळ झाली की छातीत धडधडायला लागतं (ब्रँच मॅनेजर)

सरकारी बँकेत ब्रँच मॅनेजर आहे, मराठवाड्यातलं तालुक्याचं गाव, वय ४१. माणसं सहा पाहिजेत, आहोत चौघं, त्यातला कॅशियर डेप्युटेशनवर. लाडकी बहीण सुरू झाल्यापासून आधार लिंक, केवायसीसाठी शटर उघडायच्या आधीच बायका पायरीवर बसलेल्या असतात, त्यांची काही चूक नाही, बिचाऱ्या लांबून येतात. पण मग पीककर्जाच्या फाइली पाचनंतरच हातात येतात आणि सातला आरओची (रीजनल ऑफिसची) व्हीसी, म्हणजे व्हिडिओ मीटिंग, आज इन्शुरन्स किती, वसुली किती. परवा व्हीसीत माझं नाव घेतलं आणि अनम्यूट करायला बोटच उचलेना, दरदरून घाम फुटला. ईसीजी नॉर्मल आहे. रात्री दोनला जाग येते ती येतेच, डोक्यात एनपीए, म्हणजे थकलेली कर्जं. वर सांगितलं तर झेपत नसेल तर लिहून द्या म्हणतील, आणि घरी अजून बोललो नाहीये. कुणी यातून गेलंय का?

निवृत्त शाखाधिकारी: गेलोय. मी २१ दिवस सिक लीव्ह घेतली, मानसोपचारतज्ज्ञांच्या सर्टिफिकेटवर, आकाश काही कोसळलं नाही. आल्यावर महिनाभर रोजच्या व्यवहारांची व्हाउचर मोजून आरओला स्टाफ मागणीचा मेल टाकला, तोंडी सांगितलेलं हवेत जातं, लेखी आकड्याला उत्तर द्यावं लागतं. आणि एक कळकळीने सांगतो, या अवस्थेत पासवर्ड कुणाला देऊ नका आणि फाइल न वाचता सही करू नका. टार्गेट हुकलं तर बोलणी बसतात, पण कर्जखातं बुडालं की स्टाफ अकाउंटेबिलिटी, म्हणजे चूक कुणाची याची जबाबदारी, तुमच्या एकट्याच्या नावावर निघते.

डॉक्टर, नाशिक: बीपी, शुगर, थायरॉइडही बघून घ्या. बर्नआउटला डब्ल्यूएचओने २०१९ मध्ये आजार नाही तर कामातून येणारी अवस्था म्हटलंय, पण झोप मोडणं, घाम, धडधड हे अँग्झायटीचंही असू शकतं आणि त्यावर चांगले उपचार आहेत. तालुक्याला डॉक्टर नसेल तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ लावा, फुकट आहे, २४ तास, मराठीत बोलता येतं. जीव नकोसा वाटला तर सकाळची वाट बघू नका, त्याच क्षणी फोन करा आणि घरातल्या कुणालातरी उठवा.

सातारकर: माझे मिस्टर याच नोकरीत. घरी आले की गाडी खाली लावून वीसवीस मिनिटं आतच बसून राहायचे, लाइट बंद, हात स्टिअरिंगवर, आणि मी वरून खिडकीतून बघत असायचे. वाटायचं माझ्यावरच राग आहे, वर्षभर तसंच समजत राहिले मी. दादा, वहिनींना सांगा, त्यांना दिसतंय सगळं, फक्त कारण माहीत नाहीये.

प्रश्नकर्ता: सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री जेवण झाल्यावर बायकोशी बोललो, दीड वाजला. सोमवारी लातूरची अपॉइंटमेंट घेतलीय, ती सोबत येतेय. व्हाउचर मोजायला सुरुवात केली, काल २१४ झाली.