पांढरी, गावठाण की टेकाड?

जुनीपेठ: उपग्रहचित्रांवरून जुन्या वस्त्यांची यादी करायचं काम आहे, त्याचा मराठी गोषवारा माझ्याकडे आलाय. मुळात 'माउंड' आहे. 'टेकडी' लिहिलं तर पुण्यात सगळ्यांच्या डोळ्यांपुढे पर्वती येते. 'पांढरी' चालेल का? आणि पांढरी म्हणजे गावठाणच ना?

घोडकाठी: पांढरीच लिहा. आमच्या शिरूरकडे काळी म्हणजे कसायची जमीन, पांढरी म्हणजे राहायची. मातीच्या भिंती पडतात, चुलीची राख नि शेण साचतं, त्यावरच पुढच्या पिढीचं घर उभं राहतं. माती पांढुरकी होत जाते आणि जागा आजूबाजूच्या रानापेक्षा उंचावते. इनामगाव असंच. डेक्कन कॉलेजने तिथे १९६८ ते १९८३ उत्खनन केलं आणि घोड नदीकाठचं ताम्रपाषाणयुगातलं अख्खं गाव उजेडात आलं.

कोशवाचक: गावठाण मात्र नको. तो महसुली शब्द, हद्द आखलेल्या जागेचा. पांढरी हे नाव मातीवरून पडलं. पुढे ते गावात राहणाऱ्या मंडळींनाही लागलं. मोल्सवर्थच्या कोशात दोन्ही अर्थ सापडतील. म्हणजे नांदतं गावही पांढरीवरच असतं. तुमच्या यादीतल्या जागांवर कुणी राहत नसेल तर 'ओस पांढरी' म्हणा.

नकाशेवाला: घाई नको. काळ्या रानात पांढरी उठून दिसते हे खरं, त्यातही उन्हाळ्यात, पीक निघाल्यावर. पण चोपण, म्हणजे क्षार फुटलेली जमीनही पांढरीच दिसते, आणि वीटभट्टीची राखही. नुसत्या चित्रावरून 'पांढरी' लिहिलंत तर निम्मी यादी भट्ट्यांची व्हायची! जागेवर जाऊन खापरं मिळेपर्यंत 'पांढरा पट्टा' एवढंच लिहा. जोर्वे पद्धतीची, म्हणजे ताम्रपाषाणयुगातली, तांबड्यावर काळी नक्षी असलेली खापरं मिळाली की मग बिनधास्त पांढरी.

घोडकाठी: ते ठीक, पण तोवर पांढरी उरली पाहिजे ना, दादा. ही माती पूर्वी माळवदावर टाकायला नेत, शेतात खत म्हणूनही पसरत. तेव्हा ती पाटीने जायची. आता जेसीबी लावला की एका उन्हाळ्यात टेकाड सपाट.

नकाशेवाला: म्हणूनच जुनी चित्रं हवीत. अमेरिकेच्या कोरोना हेर उपग्रहांनी १९६० ते १९७२ मध्ये टिपलेली छायाचित्रं १९९५ साली खुली झाली. त्यांत सपाटीकरणाआधीची रानं दिसतात, आजच्या चित्राशी ताडून पाहता येतं. युरोपच्या सेंटिनेल-२ उपग्रहांची चित्रं फुकट मिळतात, पण त्यांतला एक ठिपका दहा मीटर बाय दहा मीटर, म्हणजे साधारण एक गुंठा. टेकाड अर्धं गेलं तर कळेल, दोन ट्रॉल्या माती गेली तर नाही. त्याला आपल्या कार्टोसॅट-२ उपग्रहासारखं मीटरभराहून बारीक दाखवणारं चित्र लागतं.

कोशवाचक: आणि बांधकाम-खाणकामावरची कायद्याची शंभर मीटरची बंदी फक्त संरक्षित स्मारकांभोवती. बहुतेक पांढऱ्या कुठल्याच यादीत नाहीत. तेव्हा गोषवाऱ्यात गट नंबर टाकायला विसरू नका, शब्द कुठलाही निवडा.

जुनीपेठ: गट नंबर आहेत. मग चित्रावरून 'पांढरा पट्टा', तपासल्यावर 'ओस पांढरी'. अनेकवचन 'पांढऱ्या' करू?

कोशवाचक: व्याकरणाने बरोबर, पण वाचणारा पुढे 'पांढऱ्या काय?' म्हणून अडेल. 'पांढरीची टेकाडं' करा.