मदत हवी आहे: टर्बो कॉन्टेसाला मागचा एक्सल कुठला?
कॉन्टेसा, इसुझूचं १.८ लिटर पेट्रोल इंजिन, वर टर्बो. ड्रॅग रेसचे (सरळ रेषेतल्या शर्यतीचे) टायर घालून क्लच सोडला की एक्सल शाफ्ट (चाक फिरवणारा दांडा) स्प्लाइनपाशी, म्हणजे टोकाच्या खाचांपाशी, तुटतो. लेथवर नवा करून घेतला, तोही पिळला.

मन फोर्ड ९ इंच या एक्सलकडे ओढतंय. डिफ (डिफरन्शियल, दोन्ही चाकांना ताकद वाटणारा गिअरसंच) पुढून अख्खा निघतो, म्हणजे ड्रॅगला ४.११ आणि एरवी ३.५० गिअर रेशोचा लावता येईल. पिनियन (डिफला फिरवणारा छोटा गिअर) खाली असल्याने ताकद थोडी खातो, चालेल. डाना ४४ या दुसऱ्या एक्सलमध्ये हा रेशोबदल फार किचकट. स्पूल (दोन्ही चाकं कायम एकत्र जखडणारा) सुचवू नका, पावसाळ्यात हीच गाडी परशुराम घाटातून खेडला जाते; वळणावर चाकं वेगळी फिरू देणारा एलएसडीच (लिमिटेड स्लिप डिफ) हवा. आरटीओचं मी बघतोय.

२५० बीएचपीला २८ स्प्लाइनचे शाफ्ट पुरतील, की ३१च घ्यावेत? आणि एक्सलचं हौसिंग (बाहेरचं कवच) कापून, सरळ वेल्ड करून देणारं चिपळूण-रत्नागिरीकडे कोणी आहे का?